गोदामात नसलेलं रबर

सोमवार, ३ फेब्रुवारी

टायर कंपनीने यंदाही डायरी पाठवली. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक टायर छापलाय, म्हणजे वर्षभर माझ्या सुखदुःखावरून चाक फिरणार. गेल्या वर्षीची कोरीच राहिली. यंदा लिहीन म्हणते, कारण बोलायला कोणी नाही. सासूबाई आहेत, पण त्यांच्याशी सगळंच बोलता येत नाही.

अहवालाचं काम आजपासून सुरू झालं. पुढच्या पंचवीस वर्षांत जगाला किती रबर लागेल आणि किती मिळेल, हे सांगायचं, एवढंच आमच्या कक्षाचं काम. लागणाऱ्या बाजूचं त्यातल्या त्यात सोपं. गाड्या किती, टायर किती झिजतात, हातमोजे किती लागतात, याचा काही ना काही हिशेब बसतो. मिळणाऱ्या बाजूला झाडं असतात आणि झाड कोणाच्या बापाचं ऐकत नाही. आज लावलेलं रोप सात वर्षांनी चीक देऊ लागतं. भाव उद्या दुप्पट झाला म्हणून ते उद्या मोठं होत नाही. त्यामुळे आमचा अहवाल वाचून लोक लावतात किंवा लावत नाहीत, आणि आम्ही चुकलो तर ते सात वर्षांनी कळतं, तेव्हा आरडाओरडा करून उपयोग नसतो.

हे काम आधी ह्यांचं होतं. मी ह्यांच्या हाताखाली लागले, मग बायको झाले, मग पुष्कळ वर्षं दोन्ही होते. हे गेले त्याला सहा वर्षं झाली. आम्हाला मूलबाळ नाही. ह्यांचं म्हणावं असं मागे राहिलंय ते एकच, कक्षाच्या भिंतीवरची रेघ.

जगात सगळ्यात जास्त रबर पिकवणारा जो प्रदेश आहे, त्याला कक्षात सगळे ‘थोरला’ म्हणतात. थोरल्याचं उत्पादन पुढे कसं चालेल याची एक तुटक रेघ ह्यांनी चौदा वर्षांपूर्वी काढली. खरं उत्पादन दरवर्षी तिच्याच शेजारी भरीव रेघेने काढलं जातं. हे होते तोवर दोन रेघा थोड्या इकडे-तिकडे व्हायच्या आणि हे “चुकलो की थोडा” म्हणून उलट खूशच व्हायचे. गेल्यापासून मात्र दोन्ही रेघा एकमेकींवर चढल्यात, मध्ये केस जायला जागा नाही. गेल्यावर माणूस सुधारतो म्हणायचं.

सासूबाई दरवर्षी विचारतात, “आला का गं त्याचा आकडा बरोबर?” मी हो म्हणते. त्या दिवशी त्यांना दोन घास जास्त जातात.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

प्रदेशांचे आकडे यायला लागले. धाकट्या प्रदेशांचे वेळेवर आले. थोरल्याचा नेहमीप्रमाणे आला नाही. भाव पडल्यापासून तिकडच्या मोजणी कार्यालयाला काही उत्साह राहिलेला नाही. रीतीप्रमाणे त्याची जागा तात्पुरती जुन्या अंदाजातून, म्हणजे ह्यांच्या आकड्याने, भरून ठेवली आणि पुढच्या प्रदेशाकडे वळले.

आकडा भरत असताना ह्यांचा आवाज आला. अगदी स्पष्ट, उजव्या खांद्यामागून. “फोन केलास का?”

हे मी कोणाला सांगणार नाही. हे असताना दिवसातून दहादा तेच विचारायचे, त्यामुळे कानात बसलं असेल. तरी अंगावर काटा आला तो आलाच. वाटलं, आईंचं काही नसेल ना. लगेच घरी फोन लावला.

“कशाला फोन केलास?” सासूबाई म्हणाल्या. “मी काय पळून जातेय?”

मंगळवार, ११ फेब्रुवारी

रोपवाटिकावाल्या ताईंचा फोन आला. हे असल्यापासूनच्या ओळखीच्या. बाई मोठ्याने बोलतात, फोन कानापासून वीतभर लांब धरावा लागतो.

“वहिनी, एक सरळ सांगा. रोपं ठेवू का उपटू?”

थोरल्याच्या सीमेपासून दूर, डोंगरउतारावर त्यांची रबराची रोपवाटिका आहे. लाखभर कलमी रोपं पिशव्यांत उभी आहेत. लागवडीची मदत योजना चालू राहिली तर ती यंदा मळेवाले उचलतील. योजना बंद झाली तर कोणी हात लावणार नाही, आणि पुढच्या वर्षापर्यंत ती थांबत नाहीत, मुळं पिशवी फोडून जमिनीत घुसतात. योजना चालवायची की बंद करायची, ते आमचा अहवाल बघून मार्चमध्ये ठरणार. रबर पुरेसं आहे असं आम्ही म्हटलं की बंद.

मी म्हटलं, “ताई, अजून काम चालू आहे.”

“ते चालू द्या. पण तुमच्या मनात काय आहे?”

माझ्या मनात काय असायचं? भिंतीवरची रेघ वर जाते आहे. रबर पुरेसं आहे, उलट जास्तच आहे. मी त्यांना हे सांगितलं नाही. थांबा म्हटलं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

आज काहीतरी विचित्र झालं, ते जसं झालं तसं लिहिते.

मी ठरवलं होतं की यंदा ह्यांच्या रेघेकडे न बघता थोरल्याचा अंदाज मुळापासून स्वतः काढायचा. कोणत्या साली किती लावलं, कोणत्या वयाचं झाड किती देतं, भाव पडला की लोक किती झाडं नुसती सोडून देतात, असं सगळं नव्याने मांडलं. मग रीत अशी की ही मांडणी मागच्या दहा वर्षांच्या खऱ्या आकड्यांशी जुळवून घ्यायची आणि मग पुढे चालवायची.

चालवली. माझी रेघ निघाली, थोडी हेलकावली आणि ह्यांच्या रेघेवर जाऊन बसली.

मी सगळं पुसलं. झाडांचं वय बदललं, चिकाचं प्रमाण बदललं, भावाचा परिणाम दुप्पट धरला. जुळवणी झाली की पुन्हा तीच रेघ. मी कुठूनही निघाले तरी ह्यांच्याच दारात. लहान मुलाचा हात धरून पाटीवर अक्षर गिरवून घेतात, तसं कोणीतरी माझा हात धरला होता. मला भीती वाटली. आणि खरं लिहायचं ठरवलंय तर हेही लिहिते, की मला बरं वाटलं. इतकं बरं गेल्या सहा वर्षांत वाटलं नव्हतं.

ह्यांची खुर्ची मी बदलू दिलेली नाही. आता ती रोज बसल्यावर हळूहळू खाली जाते. दुरुस्तीवाला म्हणाला, आतली नळी गेली आहे. हे माझ्यापेक्षा ठेंगणे होते, त्यांना ती खालीच लागायची. मी नळीही बदलू दिली नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

घाईसाहेबांनी बोलावलं. आमचे संचालक. त्यांचं खरं नाव कक्षात कोणी घेत नाही. त्यांना प्रत्येक गोष्ट काल हवी असते.

“बाई, थोरल्याचं काय? जास्तच ना?”

“दिसतंय तसं. पण एकदा बाहेरून पडताळून घेते.”

“कशाला? भिंतीवर सहा वर्षं पुरावा लटकतोय.”

तरी पडताळलं. समुद्रापलीकडे आमच्यासारखीच एक संस्था आहे, ती स्वतःचे आकडे छापते. त्यांचं पुस्तक काढून थोरल्याचं पान उघडलं. गेल्या सहाही वर्षांचे आकडे आमच्या आकड्यांशी तंतोतंत. शेवटच्या अंकापर्यंत.

दोन वेगळ्या देशांत बसून दोन वेगळ्या लोकांनी मोजलं आणि दोघांनाही हेच सापडले. घरी आल्या आल्या सासूबाईंना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला.

“लहानपणी बाजारात गेला तरी सांगायचा, अमुक आज महाग असणार,” त्या म्हणाल्या. “असायचंच. मला तर कधीकधी वाटतं, तो कुठे गेलेलाच नाही. तिकडेच कुठेतरी बसून मोजतोय.”

मला त्यांना हो म्हणायचं होतं. मी स्वयंपाकघरात निघून गेले.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

ताळेबंदाला बसले. पिकलं किती, वापरलं किती, आणि उरलं ते साठ्यात. हा साठ्याचा रकाना एरवी कोणी बघत नाही. दोन्ही बाजू जुळवायला जे काही लागेल ते त्यात लोटायचं, घरात पाहुणे यायच्या आधी पसारा पलंगाखाली लोटतात तसं.

साठा दरवर्षी वाढत गेलाय. थोडाथोडका नाही. कागदावर बघायचं तर जगात कुठेतरी रबराचे डोंगर उभे असले पाहिजेत. वाढायला लागला ते वर्ष बघितलं. हे गेले तेच वर्ष.

पुन्हा आवाज आला. “फोन केलास का?” मी घरी फोन केला. सासूबाई झोपेतून उठून आल्या आणि रागावल्या.

मग विचार केला, एवढं रबर आहे तर ते बघता तरी येईल. थोरल्याचं रबर उतरतं ती गोदामं आमच्याच बंदरावर आहेत. उद्या जाते.

बुधवार, २६ फेब्रुवारी

गोदामं एका रांगेत आहेत. राखणदाराने पहिल्याचं दार सरकवलं आणि म्हणाला, “भाड्याने हवंय का?”

“नाही. रबर बघायचंय.”

“रबर?” तो हसला नाही, हे विशेष. “बाई, या रांगेत आता रबर नाही. शेवटच्या गोदामात थोडं आहे, बाकी मोकळी आहेत. बाजूच्या बंदरांवरही आमच्याच मालकाची गोदामं आहेत, तिथेही हेच. गोदाम घ्यायचं असेल तर भाडं कमी होईल.”

मी आत गेले. आत काहीच नव्हतं, पण वास होता. धुरी दिलेल्या रबराचा, आंबूस, जळका. ह्यांच्या शर्टाला असायचा तो वास, मळ्यांवरून आले की. इतक्या मोठ्या रिकाम्या जागेत तो वास एवढा दाट कसा राहतो, कळेना. जमिनीवर थप्प्यांचे चौकोनी डाग होते. मी एका डागात जाऊन उभी राहिले. भर दुपारी, बाहेर ट्रक, आरडाओरडा, आणि मला मागे वळून बघायचा धीर होईना, कारण कोणीतरी मागे उभं आहे अशी खात्री होती.

वळले. राखणदार होता. “बरं वाटत नाही का?” म्हणाला आणि पाणी दिलं.

परत येताना मनाशी म्हटलं, रबर दुसरीकडे कुठेतरी ठेवलं असेल. जग मोठं आहे.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

आज तो आवाज तिसऱ्यांदा आला आणि मी घरी फोन लावायला हात पुढे केला, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. हे कधी घरी फोन करायचे? आईंना फोन कर असं ह्यांनी मला जन्मात सांगितलं नाही. ह्यांचा ‘फोन केलास का’ म्हणजे थोरल्याला. आकडा आला नाही की हे तिकडे फोन करकरून लोकांचं डोकं खायचे, आणि मिळेपर्यंत सोडायचे नाहीत. हे गेल्यावर तो फोन कोणी केला? मी नाही केला. रीत आहे म्हणून ह्यांचा आकडा भरला आणि पुढे गेले. दरवर्षी.

आधी समुद्रापलीकडच्या संस्थेला लावला. तिकडे खोकत बोलणारे एक गृहस्थ मिळाले. म्हटलं, थोरल्याचा आकडा तुम्ही कसा मोजता?

“आम्ही? आम्ही कुठे मोजतो, बाई. तुमच्याच अहवालातून उचलतो. तुमचं नाव मोठं आहे.” मग खोकला. “का? तुम्ही नाही का त्याच्याकडून थेट घेत?”

मी काहीतरी बोलून फोन ठेवला. मग थोरल्याच्या मोजणी कार्यालयाचा जुना नंबर लावला. बराच वेळ वाजला. एका बाईने उचलला, मागे यंत्रांची खटखट.

“ते ऑफिस? ते केव्हाच उठलं. आता इथे आमचा शिवणवर्ग आहे. तुम्हाला नाव घालायचंय का?”

नाही म्हटलं. आभार मानले. आणि मग खुर्चीत बसून राहिले, ती हळूहळू खाली जात राहिली.

ह्यांचे जुने छापील अहवाल काढून बघितले. त्यात भरलेले आकडे तिरप्या अक्षरांत आहेत आणि खाली ह्यांनी छापून घेतलंय, तिरपं म्हणजे अजून कळलेलं नाही. नवी संगणक प्रणाली आली तेव्हा आकडे तेवढे आत गेले, तिरपेपण बाहेर राहिलं. सगळे सरळ उभे राहिले आणि खरे झाले. मग पुढच्या वर्षीची मांडणी त्यांच्याशी जुळवली, तिच्यातून पुन्हा तेच निघालं, शेजाऱ्याने ते उचललं, आणि आम्ही शेजाऱ्याकडे बघून माना डोलावल्या.

ह्यांची रेघ बरोबर येत नव्हती. ती फक्त स्वतःलाच भेटत होती.

शनिवार, १ मार्च

दोन दिवस सासूबाईंना टाळतेय. त्या विचारतात, डोकं दुखतंय का. मी हो म्हणते, आणि त्या मला औषध आणून देतात. मी ते मुकाट्याने घेते.

मला काय करायचं ते माहीत आहे. ह्यांचे सहा वर्षांचे आकडे काढून टाकायचे. रोपवाटिकेतली रोपं उभी आहेत, आणि मी गप्प बसले तर ती उपटली जातील. सात वर्षांनी जगाला रबर कमी पडेल, ट्रक उभे राहतील, इस्पितळांत हातमोजे मिळणार नाहीत. हे मला सगळं समजतं. समजत नाही ते एवढंच, की एका बोटाने ती जागा कोरी करायची म्हणजे ह्यांना आणखी एकदा उचलून न्यायचं, आणि या वेळी खांदा देणारी मीच.

सोमवार, ३ मार्च

घाईसाहेबांना सांगितलं. त्यांनी आधी दार लावलं.

“बाई, सहा वर्षं आपण जे छापलं ते खोटं, असं आपणच छापायचं?”

“खोटं नाही, भरलेलं. पण आता कळलंय.”

“अहो, मग हळूहळू करू. दरवर्षी थोडं थोडं खाली आणू. पाच-सहा वर्षांत रेघ जागेवर येईल. ना कोणाला धक्का, ना कोणाला पत्ता. आणि भिंतीवरचं तेही,” ते जरा थांबले, “तेही एकदम उतरवायला नको. तुमच्याही मनाचा विचार करतो मी.”

माणूस वाईट नाही. आणि मला तो विचार आवडला. इतका आवडला की परत जागेवर येईपर्यंत मी मनातल्या मनात वाटणी करून टाकली होती, यंदा एवढं, पुढल्या वर्षी एवढं. म्हणजे ह्यांनी एकदम जायचं नाही, दरवर्षी थोडं थोडं जायचं. तेवढ्यात फोन वाजला.

“वहिनी, मुळं पिशवीच्या तळाला टेकली,” रोपवाटिकावाल्या ताई ओरडल्या. “माझं जाऊ द्या, मी दुसरं काहीतरी लावीन. पण उपटायला माणसं सांगायची तर आत्ता सांगायला पाहिजेत. माझ्या हाताने नाही होणार ते.”

“नका सांगू,” मी म्हटलं. “माणसं नका सांगू.”

शब्द तोंडातून गेला होता. आता मागे फिरायची सोय नव्हती.

शुक्रवार, ७ मार्च

बंदरांवरून थोरल्याचं किती रबर बाहेर पडलं याच्या वजनाच्या नोंदी असतात. त्या खऱ्या काट्यावरच्या. त्या मागवल्या, त्यात तिकडचा घरचा वापर मिळवला. पहिल्यापासून पुन्हा बसले.

ह्यांचे आकडे एकेक करून काढले. एक साल काढलं, थांबले, दुसरं काढलं. नवे आकडे घातले आणि मांडणी चालवली. मी डोळे मिटून घेतले होते, हे लिहायला हसू येतं.

उघडले तेव्हा भरीव रेघ ह्यांच्या रेघेबरोबर आली, थोडी वर, थोडी खाली, हे गेले त्या सालापर्यंत. तिथून ती सुटली आणि खाली उतरत गेली. शेवटाला निम्म्याच्या जरा वर. झाडं केव्हाच तोडली असणार, लाकडाला नाहीतर दुसरं काही लावायला. तुटक रेघ एकटीच वर वर चालली होती, शेजारी कोणी नसताना.

मी वाट बघितली. आवाज आला नाही. खोलीत दुसरं कोणी आहे असं वाटणं, ज्याची मला इतकी सवय झाली होती, तेही नव्हतं. पंखा फिरत होता. मी ह्यांना हाक मारली, हळू. कोणी ओ दिली नाही. मग टेबलावर डोकं ठेवून रडले, ऑफिसात, भर कामाच्या वेळात.

बुधवार, १२ मार्च

बैठक झाली. मी बोलायला उभी राहिले. सगळं सांगितलं, तिरप्या अक्षरांसकट, शिवणवर्गासकट. टायर कंपनीचे एक जण म्हणाले, “म्हणजे सहा वर्षं आम्ही एका गेलेल्या माणसाचं ऐकत होतो?” मी म्हटलं, हो.

लागवडीची योजना बंद झाली नाही. वाढवायची की नाही ते पुढे ठरेल, पण यंदाची रोपं जाणार. घाईसाहेबांनी शेवटी उभं राहून सांगितलं की ही गंभीर बाब आमच्या कक्षाने वेळीच शोधून काढली. वेळीच! ताईंना फोन करून ‘रोपं ठेवा’ म्हटलं. त्यांनी तिकडे कोणाला तरी ओरडून सांगितलं आणि मला थँक्यू म्हणायचं विसरून फोन ठेवला.

भिंतीवरची चौकट मी स्वतः उतरवली. घरी आणली नाही. घरी आणली तर सांगावं लागलं असतं.

रविवार, १६ मार्च

सकाळी सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मी समोर बसले. त्यांनी वर न बघताच विचारलं.

“दोन आठवडे झाले, तू माझ्याकडे बघत नाहीस. काय झालंय?”

“काही नाही, आई.”

“त्याचा आकडा बरोबर आला नाही का?”

मी म्हटलं, “नाही आला.”

त्यांनी हातातली घडी पुरी केली. “यंदाचाच ना? चालतं. तोही म्हणायचा, चुकलो थोडा.”

“यंदाचाच नाही. बरीच वर्षं चुकतोय. आम्हाला आत्ता कळलं.”

“कधीपासून?”

हे सांगायला लागू नये म्हणून मी किती दिवस काढले. “हे गेले त्या वर्षापासून.”

त्यांनी विचारलं, “आणि आधीचे?”

“आधीचे बरोबर. म्हणजे थोडे इकडे-तिकडे, पण बरोबर. हे फोन करून विचारून घ्यायचे.”

“मग चुकला कसला?” त्या जरा चढ्या आवाजात म्हणाल्या, जणू मीच ह्यांची तक्रार घेऊन आले होते. “होता तोवर बरोबर होता की. गेलेल्या माणसाने आणखी किती वर्षं बरोबर यायचं?”

मला हसू आलं. त्यांनाही आलं. दोघी हसलो, आणि मला वाटलं, सुटले, मी उगीच घाबरत होते.

मग त्यांनी पुढचा कपडा उचलला आणि तसाच मांडीवर ठेवला.

“म्हणजे ही सहा वर्षं तो नव्हताच.”

“नव्हते, आई.”

“मी आपली दरवर्षी म्हणायचे, आकडा आला म्हणजे आहे कुठेतरी.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “म्हणजे गेला.”

हे गेले तेव्हा या बाईंच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आल्यागेल्यांना चहा करून देत होत्या, मलाच सावरत होत्या. आज त्या रडल्या. मोठ्याने, तोंड न झाकता, मुलाला हाका मारत. मी त्यांना धरून ठेवलं. त्या मारत होत्या ती हाक ह्यांच्या नावाची नव्हती, लहानपणी घरात म्हणत असतील त्या नावाची होती. एवढा संसार झाला, ते नाव मी कधी ऐकलं नव्हतं. ते मी इथे लिहिणार नाही.